ओळखीच्या गावातला चावटपणा

हिंदी सिनेमातल्या पोरांना लग्नाआधी एकदा गोव्याला यायचंच असतं. विमानतळावर उतरायचं, भाड्याची उघडी जीप घ्यायची, कळंगुट-बागा गाठायचं आणि पहिल्या बाटलीबरोबर अक्कल गहाण टाकायची. मग हॉटेलात चुकीची खोली, खोलीत भलतीच बाई, सुटलेला टॉवेल, दारावर पोलीस. दीड तास हा धुडगूस चालतो आणि मागच्या रांगेतली दोन-चार टवाळ पोरं सोडली तर थिएटरात कुणी हसत नाही. बाहेर पडताना लोक म्हणतात, घाणेरडा होता. घाणेरडा असतोही, पण पडतो तो त्यामुळे नव्हे. ही पोरं गोव्यात येतात ती इथं त्यांना कुणी ओळखत नाही म्हणून. जिथं कुणी ओळखत नाही तिथं अब्रू जायची भीती नाही, आणि ती भीतीच नसेल तर टॉवेल सुटला काय नि राहिला काय, बघणाऱ्याला सारखंच.

चावट प्रेमपट उभा राहायला एक माणूस लागतो ज्याला काहीतरी हवंय, आणि ते हवं असल्याचं ज्यांना कळता कामा नये अशी माणसं लागतात, शक्यतो पलीकडच्याच खोलीत. पहिला सगळेच लिहितात. दुसऱ्यांचा विसर पडतो.

गोव्यात राहणाऱ्या लेखकाला ही दुसरी माणसं फुकट मिळतात. म्हार्दोळचा पोरगा पणजीत एखादीबरोबर आइस्क्रीम खाताना दिसला, तर तो घरी पोचण्याआधी बातमी कदंबची बस पकडून पोचलेली असते. फोंडा-डिचोलीकडे देवळाच्या उत्सवात गावचेच लोक मराठी नाटक करतात, तिथं हे फार छान दिसतं. दिवसा बँकेत बसणारा नायक रात्री नायिकेचा हात धरतो आणि मंडपात खसखस पिकते. संवादात हसण्यासारखं काहीच नसतं. त्याची बायको तिसऱ्या रांगेत बसलेली असते, एवढंच.

आता एक प्रसंग घेऊन तो जुळवत जाऊ. फोंड्याकडचा सव्वीस वर्षांचा मुलगा. मुलगी ठरल्यासारखी आहे, साखरपुडा व्हायचाय. शनिवारी तिच्या घरचे सगळे बाहेरगावी लग्नाला जाणार आहेत. त्याला फार्मसीतून एक पाकीट आणायचंय. गावातल्या फार्मसीत बसणारे काका सोमवारच्या भजनाला त्याच्या वडिलांशेजारी बसून टाळ वाजवतात, तेव्हा तिथं नको. फोंडा बाजारात नको, तिथं कॉलेजचे सगळे भेटतात. म्हणून तो स्कूटर काढतो आणि तासभर हाणत म्हापशाला जातो. शुक्रवारी.

गोव्यातला प्रेक्षक इथंच हसायला लागेल. शुक्रवार हा म्हापशाच्या बाजाराचा दिवस, त्या दिवशी पेडण्यापासून डिचोलीपर्यंतची निम्मी ओळखीची माणसं तिथं असतात. पण सिनेमा कोल्हापुरात आणि ठाण्यातही लागायचा असेल तर ही माहिती आधी पेरावी लागते. दहाव्या-बाराव्या मिनिटाला मुलीची आई पिशव्या घेऊन निघताना दाखवा, ‘शुक्रवार ना आज, म्हापशाला चालले’ एवढं एक वाक्य तिच्या तोंडी द्या, आणि पुढच्या शॉटमध्ये बाजारातली गर्दी. दहा सेकंदांचं काम आहे. हे न करता पात्राला ऐन प्रसंगात ‘अरे देवा, आज तर शुक्रवार, बाजाराचा दिवस’ असं बोलायला लावलं की विनोद गेला. समजावून सांगितल्यावर जे येतं ते हसू सभ्यपणाचं असतं.

काउंटरवर एक शांत बाई. मुलगा तोंड उघडतो तेवढ्यात मागून शाळेतले मास्तर. तो म्हणतो, ओआरएसची दोन पाकिटं द्या. मास्तर जातात. पुन्हा तोंड उघडतो तर चुलत आत्या. तो बाम मागतो. तिसऱ्यांदा मुलीची आईच, हातात हरमलच्या मिरचीची पिशवी. तो खोकल्याचं औषध मागतो. अडथळे तीनच ठेवायचे. चौथा आणला की प्रेक्षक आपल्या पुढे जाऊन पाचव्याची वाट बघत बसतो. आणि क्रमही हाच हवा: मास्तर फक्त ओळखतात, आत्या घरी सांगेल, आणि आईला तर कळताच कामा नये. आई पहिली आली तर चढायला पायरी उरत नाही. नवशिके लेखक नेमके इथं चुकतात. त्यांना सगळ्यात जोरदार कल्पना आधी सुचते म्हणून ते ती आधी लिहितात.

आता शेवट. ढिसाळ शेवट सगळ्यांना ठाऊक आहे: पाकीट जमिनीवर पडतं, आई किंचाळते, बाजार जमतो. दोन सेकंदांचं हसू मिळतं आणि गोष्ट जागच्या जागी उभी राहते. त्याऐवजी आईने काउंटरवरचा ढीग बघावा. ओआरएस, बाम, खोकल्याचं औषध. ‘कितें जालें रे पुता?’ पोट बिघडलंय, अंग दुखतंय, खोकला आहे आणि हा एकटा उन्हात स्कूटरवर! ती त्याला थेट आपल्या घरी नेते, पेज करून वाढते आणि शनिवारच्या लग्नाला आपण जाणार नाही, पोराकडे बघायला कुणीतरी हवं, असं जाहीर करते. त्याच्याच थापांनी त्याचा शनिवार बुडवला. विनोदानं गोष्ट पुढं ढकलली पाहिजे, ती अशी.

आणि पाकीट? काउंटरवरच्या बाईला दुसऱ्याच फेरीत सगळं कळलंय. तिनं एक शब्द न बोलता ते बाटलीखाली पिशवीत घातलंय आणि पैसेही लावलेत. हे मुलाला माहीत नाही. घरी मुलगी पिशवी रिकामी करते. स्वयंपाकघरातून आई पेजेची वाटी घेऊन येतेय. मुलीकडे तीन सेकंद आहेत.

सगळा सिनेमा या तीन सेकंदांवर तरतो किंवा बुडतो. तिनं त्याच्या थोबाडीत मारली तर ती सोवळी आणि तो लंपट, पुढं एक तास त्यानं माफी मागत फिरायचं. तिनं डोळा मारून दुहेरी अर्थाचं काही म्हटलं तर ती लेखकाची बाहुली. पण तिनं ते पाकीट पटकन स्वतःच्या पर्समध्ये सरकवलं आणि आईला म्हणाली, ‘आई, ह्याला आधी खोकल्याचं औषध दे, दोन चमचे,’ तर? खोकला नसलेल्या माणसाला ते दोन चमचे प्यावे लागतात. तिला कळलंय, राग आलाय, गंमतही वाटतेय, आणि आता ती त्याच्या बाजूनं आईपासून काहीतरी लपवतेय. प्रेमात पडल्याचं गाणं टाकायची इथं गरज नाही. एकाच गोष्टीवर दोघांनी मिळून पांघरूण घातलं की प्रेक्षक त्यांना जोडपं समजायला लागतो.

बाहेरच्या चांगल्या सिनेमांतही मला हेच दिसतं. ‘इट हॅपन्ड वन नाइट’ १९३४च्या फेब्रुवारीत आला. पडद्यावर काय दाखवायचं नि काय नाही याची हॉलिवूडची नियमावली त्या वर्षाच्या मध्यापासून कडकपणे राबवली जायला लागली, म्हणजे त्याआधी थोडंच. तरी त्यात लग्न न झालेले दोघं एका खोलीत रात्र काढतात ती मध्ये दोरीवर चादर टाकून. ती चादर काढून टाका, सिनेमा शिल्लक राहत नाही. १९८९च्या ‘व्हेन हॅरी मेट सॅली’तला खानावळीतला प्रसंग जगभर माहीत आहे: नायिका भर गर्दीत टेबलावर बसून खोटं सुख वठवून दाखवते. अंगावर पूर्ण कपडे, स्पर्श कुणाचा कुणाला नाही. हशाचा कळस मात्र तिच्या वाट्याला येत नाही, शेजारच्या टेबलावरच्या पोक्त बाई एक वाक्य बोलून तो घेऊन जातात. त्या बाई दिग्दर्शकाची आई होत्या, आणि शेवटचा घाव कुणी घालायचा हे त्या घरात बरोबर कळत होतं. २०११च्या ‘ब्राइड्समेड्स’मध्ये कपड्यांच्या महागड्या दुकानात सगळ्यांची पोटं बिघडतात तो प्रसंग लोकांना ओंगळ म्हणून आठवतो. तो चालतो तो घामानं निथळत असताना ‘मला काही झालेलं नाही’ असं दाखवायला एक बदाम चावत राहणाऱ्या नायिकेमुळे. समोर प्रतिस्पर्धी बघत उभी नसती तर ती नुसती बिघडलेली पोटं होती.

आपल्याकडे हे दादा कोंडके यांना अचूक कळलं होतं. १९७१च्या ‘सोंगाड्या’पासूनचा त्यांचा नायक डोळ्यांसमोर आणा: लोंबती नाडी, ढगळ चड्डी, आईच्या धाकातला भोळसट गडी. तो जे बोलतो त्याचा त्याच्या लेखी एकच अर्थ असतो, साधा. दुसरा अर्थ प्रेक्षक लावतो आणि लावल्याबद्दल स्वतःच ओशाळतो. लाज पडद्यावरून उचलून खुर्चीत आणून ठेवण्याची ही करामत होती. गवळणीतली मावशी आणि पेंद्या हेच करत आले, वगात हेच चालत आलं. दादांची नक्कल करणाऱ्यांनी शब्द उचलले आणि भोळेपणा टाकून दिला. द्व्यर्थी वाक्य बोलून स्वतःच खिदळणारं पात्र आलं की प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. मराठीत गेल्या काही वर्षांत आलेल्या चावट सिनेमांत हा रोग जागोजागी आहे. मोबाइलवर फिरणारे विनोद चार मित्रांमध्ये वाटून दिलेले, आणि प्रत्येक वाक्यानंतर एक ‘टुंग’.

कुणावर हसायचं हाही हिशेब ठेवावा लागतो. ज्याला हवंय त्याची फजिती झाली तर चालते. जिला काहीच नकोय, तिची फजिती केली की प्रेक्षागृहातल्या बायका गप्प होतात, आणि बायका गप्प झाल्या की त्यांच्याबरोबर आलेले पुरुषही दोन मिनिटांत गप्प होतात. जाड्या मोलकरणीवरचे विनोद, बायकी मित्रावरचे विनोद याच खात्यात जातात. गोव्यात आणखी एक भर: टोपी घालून गिटार वाजवणारा, कायम झिंगलेला, दर वाक्याला ‘मॅन’ म्हणणारा गोंयकार. तो पडद्यावर आला की इथं खुर्च्या कुरकुरायला लागतात. आणि फोंड्याच्या घरात सगळी माणसं सदाशिव पेठेतलं मराठी बोलायला लागली की त्या घरात कुणी लाजेल यावर विश्वासच बसत नाही. इथली आई मराठी पेपर वाचते आणि चिडली की कोंकणीत चिडते.

मोठा प्रसंग हवा असेल तर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आहेच. मूळ घरात तीस-पस्तीस माणसं जमतात, हॉलमध्ये ओळीनं चटया पडतात, आणि त्यात एक जोडपं नुकतंच लग्न झालेलं. त्यांना लाकडी माळ्यावर पाठवा. खाली बायका फुगडी घालतायत, जमीन दणाणतेय, त्या आवाजाच्या आडोशानं वर जे व्हायचं ते होतंय. फुगडी एकदम थांबते आणि वरची फळी आणखी एकदा कुरकुरते. बस. एकच कुरकुर. यानंतर कॅमेरा वर नेला तर सगळं फुकट गेलं. खाली राहा, आजीच्या तोंडावर. आजी वर बघत नाही. ती म्हणते, ‘घाला गो, थांबलात का?’ आणि फुगडी पुन्हा सुरू होते. पांघरूण घालायला आता आजीही सामील. हाच प्रसंग आरतीच्या वेळी घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर बसवायचा मोह होईल, ताल तर जास्त रंगतदार आहे. नको. देवापुढं हसायला प्रेक्षक कचरतो, आणि एकदा कचरलेला प्रेक्षक पुढचा अर्धा तास जपूनच हसतो.

लांबीचं गणित सरळ आहे. एकशे दहा ते एकशे पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. पहिला चावट विनोद पाच-सहा मिनिटांच्या आत यावा, म्हणजे आजी-नातवंडांना घेऊन आलेल्याला आपण कुठं आलोय ते कळतं. मोठे प्रसंग तीन, फार तर चार. त्यातला सगळ्यात दणकेबाज मध्यंतराच्या तोंडावर. मध्यंतरानंतरचा त्याहून मोठा करायला जाऊ नये. त्यात हसू थोडं कमी आणि दुखणं थोडं जास्त हवं. ‘सेकंड हाफ पडला’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: मध्यंतरानंतर लेखकाला आठवतं की आपण प्रेमकथा लिहीत होतो. मग घाईघाईनं एक गैरसमज आणला जातो, जो एका फोनवर मिटला असता. गैरसमज कसा रचावा हे देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये बघावं. एक तसबीर भलत्याच हातात पडते आणि त्यानंतर प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेला पुरावा असतो. फाल्गुनराव मूर्ख असेल, पण त्याच्या जागी उभं राहून बघितलं तर त्याला दिसलं ते तसंच होतं. पुराव्याशिवायचा गैरसमज प्रेक्षक माफ करत नाही.

पात्रनिवड दोघांना एकत्र बसवून करावी. वेगवेगळ्या ऑडिशनमध्ये दोघंही झकास असतात आणि सेटवर एकमेकांच्या वाक्याची वाट बघत उभे राहतात. एकत्र वाचन करताना बोलणाऱ्याकडे बघूच नये, ऐकणाऱ्याकडे बघावं. ऐकताना ज्याचा चेहरा जिवंत राहतो तो घ्यावा. जवळिकीचे प्रसंग, मग ते विनोदी का असेनात, चित्रीकरणाच्या आधी कागदावर उतरवून दोघांची संमती घेऊन ठेवावेत: हात कुठं, किती वेळ, सेटवर कोण थांबणार. हे सोपस्कार म्हणून करायचं नाही. नटीला स्वतःलाच अवघडल्यासारखं होत असेल तर ते पडद्यावर उतरतं, आणि पात्राचं अवघडणं नि नटीचं अवघडणं प्रेक्षकाला वेगळं ओळखू येतं. पहिल्यावर तो हसतो, दुसऱ्यावर मान खाली घालतो.

म्हापशाच्या फार्मसीचा प्रसंग अडीच मिनिटांचा, पण त्याला पूर्ण दिवस द्यावा. मुख्य शॉट रुंद हवा: पुढं काउंटर, मध्ये मुलगा, मागं उघडा रस्ता. आईची साडी प्रेक्षकाला मुलाच्या आधी तीन-चार सेकंद दिसली पाहिजे. गंमत सगळी त्या तीन-चार सेकंदांत आहे. नुसते क्लोजअप घेतले तर आई एकदम उगवते, मग दचकायला होतं, हसायला नाही. दुसरा कॅमेरा पहिल्या टेकपासून काउंटरवरच्या बाईवर ठेवायचा, कारण उत्स्फूर्त काही घडलं तर ते एकदाच घडतं. ‘फॉर्टी इयर ओल्ड व्हर्जिन’मध्ये (२००५) नायकाच्या छातीवरचे केस खरोखरच मेण लावून उपटले होते. दुसरा टेक शक्यच नव्हता, म्हणून अनेक कॅमेरे एकदम चालू ठेवले. बाजाराचा खरा आवाज हवा, संगीत नको. फार्मसीत पाकीट दाखवायचं नाही आणि त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. ते दिसावं घरी, मुलीच्या हातात, जेमतेम एक सेकंद.

संकलनात वाक्य संपल्यावर लगेच कट मारू नये. आठ-दहा फ्रेम थांबून मग ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जावं. आणि मोठ्या हशानंतर दोनेक सेकंद महत्त्वाचं काही बोलू नये, नाहीतर पुढचं वाक्य हशात बुडतं. हे संकलकाला खोलीत एकट्यानं बसून कळत नाही. हॉलिवूडचे विनोदवीर मार्क्स बंधू यांनी १९३५च्या त्यांच्या ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ या सिनेमातले प्रसंग चित्रीकरणाआधी गावोगाव रंगमंचावर करून पाहिले ते एवढ्यासाठीच, हशा किती लांबतो ते मोजायला.

सेन्सॉरचा विचार लिहितानाच करावा. ‘ए’ मिळालेला सिनेमा तसाच्या तसा टीव्हीवर दाखवता येत नाही, कातरून पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि मराठी निर्मात्याचं गणित बऱ्याचदा टीव्हीच्या पैशांवर उभं असतं. आता ‘यूए’मध्ये ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आलेत, त्यातल्या शेवटच्या टप्प्यात बसणारा चावटपणा पुष्कळ आहे. धोका असतो तो हशा शिवीवर टेकवलेला असला तर. शिवी मुकी केली की पात्राचे ओठ हलतात, आवाज येत नाही आणि प्रसंगाचं कंबरडं मोडतं. हशा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर टेकवलेला असला तर शिवी गेली तरी फारसं बिघडत नाही.

शेवटची चाचणी इथंच करावी, साखळी किंवा मडगावच्या रवींद्र भवनासारख्या ठिकाणी, आणि नुसती कॉलेजची पोरं भरू नयेत. जोडपी हवीत, माम्या-मावश्या हव्यात, चार रिटायर्ड मास्तर हवेत. पडद्याकडे पाठ करून एक कॅमेरा प्रेक्षकांवर लावावा आणि आवाज वेगळा रेकॉर्ड करावा. नंतर दोन्ही सिनेमाला जोडून बघताना हशाचा आवाज मोजायचाच, पण त्याहून जास्त माना बघायच्या. चांगल्या चावट विनोदावर माणूस हसता हसता बाजूला बघतो, शेजारचा हसला का ते तपासायला. ज्या प्रसंगात सगळ्यांच्या माना सरळ राहिल्या, तो कितीही मोठ्यानं हसला गेला असला तरी पुन्हा कापायला घ्यावा.